धोट्याचे नेढे आणि यंत्राची चोच



शिवडी म्हटली की आज आपल्याला काय आठवते? हार्बर मार्गावरचे स्टेशन, टेकाडावरचा जुना किल्ला, ओहोटीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी, आणि आता जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला, शिवडीहून थेट न्हावाशेव्याकडे जाणारा अटल सेतू. सगळ्या मोठ्या गोष्टी! पण मी आज तुम्हाला या शिवडीत बोलावतो आहे, ते एक अगदी लहान वस्तू दाखवायला. इतकी लहान, की ती पाहायला भिंग लागावे. ती वस्तू म्हणजे एक छिद्र.

छिद्राचा कसला आलाय इतिहास, असे तुम्ही म्हणाल. थोडे थांबा. छिद्र बुजले की काय होते आणि ते साफ कोणी करायचे, या दोन प्रश्नांभोवती गिरणगावाचा बराच इतिहास फिरलेला आहे.

आधी घरातली गोष्ट घेऊ. आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना पंप मारायचा पितळी स्टोव्ह आठवत असेल. स्वीडनमध्ये १८९२ साली लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थाने हा स्टोव्ह बनवला, आणि पुढे ‘प्रायमस’ हे त्याचे नाव जगभर झाले. लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींतून एकेका खोलीत असा स्टोव्ह फरफरत असे. शिवडीच्या बंदराच्या जमिनीवर तेलाच्या मोठ्या टाक्या होत्या. गावोगावच्या बाटलीतले रॉकेल अशाच टाक्यांतून निघालेले असे. पण टाकी कितीही मोठी असली तरी शेवटी रॉकेलच्या वाफेला बाहेर पडायला वाट किती? स्टोव्हच्या निपलला असलेले सुईच्या टोकाएवढे एक छिद्र. त्यात काजळी अडकली की ज्योत पिवळी पडायची, भांडी काळी व्हायची. मग घरातली बाई म्हणायची, “अरे, पिन कुठं ठेवलीस?”

ती पिन म्हणजे पत्र्याच्या पट्टीला बसवलेली केसासारखी बारीक तार. ती मिळाली नाही म्हणून एखाद्याने दुसरी जाड तार घुसवली, तर छिद्र मोकळे होई खरे, पण रुंदही होई. मग ज्योत भडके, आणि भडकलेल्या स्टोव्हने काय होते हे वेगळे सांगायला नको. तेव्हा पहिला धडा स्वयंपाकघरातलाच: छिद्र बुजले तर काम अडते, आणि चुकीच्या रीतीने साफ केले तर जीवावर बेतते. हा धडा मनात ठेवून आपण गिरणीत जाऊ.

मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली आरंभला आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढत परळ, लालबाग, शिवडीपर्यंत पसरल्या. कुलाब्याला असलेला कापसाचा बाजार १९२० नंतरच्या दशकात शिवडीलगतच्या भराव घातलेल्या जमिनीवर आला. आजचे कॉटन ग्रीन स्टेशन त्याचीच आठवण आहे. वऱ्हाड-खानदेशातला कापूस आगगाडीने यायचा, आणि पलीकडच्या गिरणीत त्याचे सूत आणि सुताचे कापड व्हायचे.

कापड विणण्याच्या विभागाला कामगार साळखाते म्हणत आणि मागाला म्हणत साचा. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन धावणारा तो धोटा. धोट्याच्या पोटात सुताची कांडी, आणि कडेला एक नेढे. कांडी संपली की विणकराने साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची आणि तिचे टोक नेढ्यातून बाहेर काढायचे. आता पोकळ लाकडाच्या आतून बारीक नेढ्यातून धागा बाहेर कसा काढणार? विणकर धोटा तोंडाशी नेई, नेढ्याला ओठ लावी आणि श्वास आत ओढी. हवेबरोबर धागा सुर्रकन बाहेर येई. युक्ती साधी, बिनखर्चाची आणि झटपट. इंग्लंडात लँकेशायरमधले विणकर हेच करत, अमेरिकेतले करत, आणि तिकडच्या धाटणीचे साचे मुंबईत आले तेव्हा त्यांच्याबरोबर ही रीतही आली.

मुंबईत एका विणकराकडे बहुधा दोन साचे असत. हिशेब करून पहा. एक कांडी पाच मिनिटे पुरली असे धरले, तर दोन साच्यांवर दहा तासांत दोनशे चाळीस वेळा ओठ धोट्याला लागणार. प्रत्येक ओढीबरोबर कापसाची बारीक पूस आणि सुताला लावलेली खळ तोंडात आणि घशात. शिवाय धोटा एकट्याच्या मालकीचा थोडाच! पाळी बदलली की त्याच नेढ्याला दुसऱ्याचे तोंड.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला होता. थुंकीतून रोग पसरतात हे कळल्यावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यावर बंदी घातली. लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ साल उजाडले, आणि त्यानंतरही काही काळ ती सवय गेली नाही. खरे म्हणजे धागा आपोआप नेढ्यात पडेल असा धोटा नॉर्थ्रॉप या अमेरिकन मागाबरोबर १८९०च्या दशकातच आला होता. म्हणजे उपाय हाताशी होता. पण उपायाला पैसे पडतात, आणि कामगाराचा श्वास फुकट मिळतो!

शिवडीला महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गिरणगावातल्या क्षयाला केवळ धोटा कारण होता असे मी म्हणणार नाही. अंधाऱ्या खोल्या, एका खोलीत दाटीने राहणारी माणसे, अपुरे अन्न, हवेतली पूस, अशी कारणे पुष्कळ होती. पण ज्या वस्तीत हा रोग इतका खोलवर रुजला होता, तिथे शेकडो तोंडे एकमेकांच्या धोट्याला लागत होती, एवढे ध्यानात ठेवा.

आणि या नेढ्यातून रोगापेक्षाही जुनी एक गोष्ट जात-येत होती. साळखात्यातले काम सूतखात्यापेक्षा जास्त पगाराचे. पण त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या समाजातील कामगारांना घेत नसत. कारण काय सांगत? धोट्याला तोंड लावावे लागते, मग विटाळ होतो! रोगाचा जंतू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलेला चालत होता. माणूस शेजारच्या साच्यावर उभा राहिलेला चालत नव्हता. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. बाबासाहेब स्वतः परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळीत बरीच वर्षे राहिलेले. गिरणगाव त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. साळखाते सर्वांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घातलीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला, आणि संपाच्या पुढाऱ्यांना ती नाखुशीने का होईना मान्य करावी लागली. शिक्षकमित्रहो, वर्गात अस्पृश्यतेचा धडा शिकवताना विहीर आणि देऊळ यांच्या जोडीला हे धोट्याचे नेढेही मुलांना सांगा. विटाळाची कल्पना कारखान्यात शिरली आणि माणसाच्या पगारातून पैसे कापू लागली, हे त्यांना त्यावरून कळेल.

साळखात्यात आणखीही छिद्रे होती. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून तिथे हवा दमट ठेवावी लागे, आणि त्यासाठी पाण्याचे बारीक तुषार सोडत. तुषार सोडणाऱ्या तोंडांवर एकीकडून पाण्यातला क्षार साचतो, दुसरीकडून कापसाची पूस बसते. तोंड बुजले की धुक्याऐवजी थेंब पडतात, कापडावर डाग येतात. पण कापडापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, ते तुषार कामगाराच्या फुफ्फुसात जातात. म्हणूनच १९४८च्या कारखाने कायद्यात एक कलम घातले गेले की, हवा दमट करण्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा पिण्याजोगे असावे, नाहीतर ते नीट शुद्ध करून घ्यावे. त्याच कायद्याने, शक्ती देणारी आणि शक्ती वाहून नेणारी यंत्रे चालू असताना ती साफ करण्याचे काम स्त्रियांना व अल्पवयीन मुलांना देण्यास मनाई केली.

साफसफाईच्या वेळेचाही इतिहास आहे, बरं का! एकोणिसाव्या शतकात आठवड्याची हक्काची सुट्टी गिरणी कामगाराला नव्हती. रविवारी गिरणी बंद ठेवली तरी यंत्रे पुसायला हजर राहावे लागे, आणि त्यात अर्धा दिवस जाई. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून या सुट्टीसाठी सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. यातली मेख लक्षात घ्या. यंत्र पुसणे हे मालकाच्या हिशेबात काम नव्हते. कापड विणणे तेवढे काम, आणि साफसफाई म्हणजे कामगाराच्या विश्रांतीतून काढून घ्यायची वेळ!

आता आपण पुढच्या काळात येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. भोंगे बंद झाले आणि साच्यांच्या जागी उंच इमारती आल्या. याच सुमारास जगात दुसरा एक उद्योग वाढत होता, तो इलेक्ट्रॉनिक्सचा. मुंबईत अंधेरीला या मालाच्या निर्यातीसाठी १९७३ साली ‘सीप्झ’ नावाचे क्षेत्र उघडले होते. तिथेच काय, जगभर अशा कारखान्यांत पूर्वी कामगार स्त्रिया बोटांनी एकेक भाग पट्टीच्या भोकात बसवत आणि खालून डाख देत. १९८०च्या दशकापासून पाय नसलेले, पट्टीच्या पृष्ठावरच चिकटणारे चिमुकले भाग सर्रास वापरात आले. ते बोटांत मावेनात, तेव्हा ते उचलून ठेवणारी यंत्रे आली.

हे यंत्र भाग कसा उचलते? तर धोट्याच्या विणकरासारखे! त्याला एक पोकळ चोच असते. कारखान्यात तिला नोझल म्हणतात. चोच भागावर टेकते, आतली हवा ओढली जाते, भाग चोचीला चिकटतो. कॅमेरा तो सरळ धरला आहे की नाही हे पाहतो, आणि चोच त्याला पट्टीवर लावलेल्या ओल्या सोल्डर पेस्टवर नेऊन अलगद सोडते. वेगवान यंत्रे तासाला काही दहा-हजारांनी भाग बसवतात. तुमच्या खिशातल्या मोबाईल फोनमध्ये असे शेकडो भाग आहेत. फरक एवढाच की, इथे श्वास माणसाचा नाही. हवा पंप ओढतो.

यात जोर किती असतो ते पाहू. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. चोचीचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे धरले आणि आतली निम्मी हवा काढली, तर भागाला वर दाबून धरणारा जोर भरतो जेमतेम एक ग्रॅम. दीड मिलिमीटर लांबीच्या भागाचे वजन असते दोन-तीन मिलिग्रॅम. म्हणजे एरवी हा जोर शेकडो पटींनी पुरेसा. परंतु छिद्रात मळ बसला की हवा पुरेशी ओढली जात नाही, आणि यंत्राच्या झपाट्यात भाग तिरका होतो किंवा वाटेतच पडतो. पट्टीवरचा एक भाग चुकला की रेडिओ मुका, मीटर चुकीचा, आणि दवाखान्यातले उपकरण बेभरवशाचे.

मळ येतो कुठून? भाग कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या लांब फितीत बसून येतात. त्या कागदाचे तंतू उडतात. साळखात्यातल्या पुसेचे हे नातलगच म्हणायचे. दुसरा मळ सोल्डर पेस्टचा. कथलाच्या बारीक कणांची ती चिकट लापशी चोचीच्या टोकाला लागते आणि वाळून घट्ट होते. तिसरा मळ दाबाच्या हवेबरोबर आलेल्या तेलाचा आणि ओलाव्याचा.

साफसफाईची रीतही ऐकून ठेवा. यंत्र थांबवून चोच काढतात. भिंगाखाली तिचे टोक झिजले आहे का, कपचा उडाला आहे का, हे पाहतात. मग बनवणाऱ्याने सांगितलेल्या द्रवात, बहुधा शुद्ध पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये, ती बुडवून सेकंदाला चाळीस हजारांच्या घरात जाणारी ध्वनीची कंपने देतात. द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांच्या धक्क्याने छिद्रातला मळ सुटतो. काही कारखान्यांत पाण्याची अतिशय बारीक, जोरदार धार मारणारे यंत्र असते. नळाचे पाणी वापरत नाहीत, कारण वाळल्यावर त्यातला क्षार मागे राहतो. अल्कोहोल पेट घेणारे, तेव्हा ठिणगी आणि उष्णता यांपासून ते दूर ठेवायचे. धुऊन झाल्यावर चोच कोरड्या, स्वच्छ हवेने वाळवायची, उजेडाकडे धरून छिद्र आरपार दिसते का ते पाहायचे, आतली कमान मोकळी खालीवर होते का ते तपासायचे आणि हवेच्या वाटेवरची गाळणी बदलायची. कडक पोलादी तार खुपसायची नाही. टोक ओरबाडले की ते पुन्हा नीट टेकत नाही. स्टोव्हच्या पिनेचा धडा आठवला ना? आणि तोंडाने फुंकायचे नाही, कारण श्वासात ओलावा असतो. प्रत्येक चोचीला क्रमांक असतो आणि ती कधी धुतली याची नोंद ठेवली जाते. ज्या कारखान्यात यासाठी पाळीतली वेळ राखून ठेवलेली असते, तिथे माल बिघडत नाही. जिथे “चालतंय तोवर चालू दे” म्हणतात, तिथे दहा मिनिटांच्या कंटाळ्यापायी दिवसभराचा माल परत येतो.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. प्रत्येक मुलाला स्वतःची वेगळी, कोरी नळी द्यावी. नळीच्या टोकाशी कागदाचा कपटा धरून हवा ओढली की कपटा चिकटतो. मग वरच्या टोकात कापसाचा लहानसा, पण घट्ट बोळा बसवावा आणि पुन्हा ओढायला सांगावे. कपटा आता उचलला जात नाही, कारण हवेची वाटच अडली. धोटा, स्टोव्ह आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र यांचे मर्म मुलांना पाच मिनिटांत कळेल.

आता शेवटी शेतकरी बंधुभगिनींसाठी. तुम्ही म्हणाल, हे गिरण्यांचे आणि कारखान्यांचे पुराण आम्हाला कशाला? अहो, तुमच्या पाठीवरच्या फवारणी पंपालाही नोझल आहे. कपाशीवर फवारणी चालू असते, ऊन चढलेले असते, आणि मध्येच धार तुटते. जवळ पाणी नाही, ब्रश नाही. अशा वेळी कितीतरी जण नोझल काढतात आणि तोंड लावून फुंकतात. धोट्याच्या नेढ्याची तीच जुनी युक्ती! पण धोट्यात पूस होती. इथे विष आहे. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. पण विषाला तोंडाजवळ न आणणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

म्हणून इतके करा. टाकीत औषध ओतताना ते गाळणीतून ओता, म्हणजे कचरा नोझलपर्यंत पोचणारच नाही. एक जादा नोझल खिशात ठेवा. अडकलेले नोझल हातमोजे घालून काढा, पाण्याने धुवा, मऊ ब्रशने साफ करा. तार घालू नका; छिद्र रुंदावले तर औषध जास्त पडते आणि पैसाही जातो. त्याला ओठ तर कधीच लावू नका. आणि मजुराकडून फवारणी करून घेत असाल, तर नोझल धुण्यात गेलेली वेळ त्याच्या मजुरीत धरा. ती त्याच्या जेवणाच्या सुट्टीतून काढून घेऊ नका.

ज्या कापसाने शिवडीची गोदामे भरली, तो तुमच्याच शेतातून गेला होता. त्याचे कापड विणताना एका पिढीने आपला श्वास त्या बारीक नेढ्यातून ओढला, आणि त्या नेढ्याचे निमित्त करून कितीकांना साच्यापासून दूर ठेवले गेले. पुढे धोटा बदलता आला, पंप बसवता आला, कायदा करता आला. म्हणजे तोंड लावण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे कधीच नव्हते. उद्या फवारणीला निघाल तेव्हा पंपाबरोबर एक ब्रश आणि पाण्याची एक बाटली घ्यायला विसरू नका.